कार्यशाळेतला आस आणि हेन्री फोर्ड

आपल्या शाळेच्या कार्यशाळेत, लेथ यंत्राच्या मागे, गेली कित्येक वर्षे गोणपाटाखाली एक लोखंडी धूड पडून होते. विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांच्या घरची जुनी पागा पाडली तेव्हा ते शाळेकडे आले, एवढेच शिपाईकाकांना आठवत होते. मध्ये भोपळ्यासारखा फुगवटा, दोन्ही बाजूंना लांब नळ्या आणि पुढे आणखी एक नळी. मोटारीचा मागचा ॲक्सल आहे हे कोणीही सांगेल, पण कोणत्या मोटारीचा? मुलांचे मत ठरलेले होते. बडोद्यात पागेतून निघालेली वस्तू म्हणजे महाराजांच्याच एखाद्या बड्या विलायती गाडीची असणार!

यंदा सुटीत कार्यशाळेला रंग द्यायचे ठरले, जागा रिकामी करावी लागली आणि भंगारवाल्याने किलोवर भाव सांगितला. विश्वस्तांनी आठ दिवसांची मुदत दिली. वस्तू काय आहे ते सिद्ध करा, नाहीतर ती जाऊ द्या. आम्ही आठवी-नववीची दहा-बारा मुले, कार्यशाळेचे सर आणि मांडवीकडचे एक निवृत्त मिस्त्री असे मिळून ती उघडायला बसलो.

मिस्त्रींनी पहिल्यांदा सांगितले की नाव शोधू नका, दात मोजा. नाव पुसले जाते, गंजते, कोणी दुसऱ्याच गाडीचे झाकण बसवलेले असते, पण दातांची संख्या खोटे बोलत नाही. रॉकेलने धुऊन, एका दातावर खडूची खूण करून मोठ्या चक्राचे, म्हणजे क्राउनचे, दात मोजले. ते ४० भरले. त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनचे ११. दोन्ही चक्रांचे दात सरळ कापलेले, तिरपे वळलेले नाहीत. मग बेअरिंग निघाले. त्याचे रूळ भरीव नव्हते. पोलादाची चपटी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळून केलेले होते. हे पाहिल्यावर मिस्त्री हसले. त्यानंतर एका भागावर माती खरवडताना तिरप्या वळणाची चार इंग्रजी अक्षरे दिसली, तेव्हा आम्हाला ती वाचायचीही गरज उरली नव्हती. तो फोर्डच्या मॉडेल टी मोटारीचा ॲक्सल होता.

मुलांचे चेहरे उतरले. महाराजांची गाडी नाहीच, उलट त्या काळी जगात सर्वांत जास्त खपलेली, सर्वांत साधी गाडी! त्यांची निराशा पाहून आम्ही ठरवले की या अंकातील चरित्र हेन्री फोर्ड यांचेच द्यायचे.

हेन्री फोर्ड यांचा जन्म ३० जुलै १८६३ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डेट्रॉइट शहराजवळच्या एका शेतावर झाला. वडील विल्यम आयर्लंडहून आलेले शेतकरी. हेन्रीला शेतीचा मनापासून कंटाळा होता. घरातील घड्याळे उघडून पुन्हा जोडणे हा त्याचा छंद. १८७६ साली, तो तेरा वर्षांचाही नव्हता, तेव्हा मार्च महिन्यात त्याची आई वारली. त्याच वर्षी जुलैत वडिलांबरोबर डेट्रॉइटला जाताना रस्त्यात त्याला एक वाफेचे इंजिन भेटले, घोड्यांशिवाय आपल्याच बळावर चालणारे. हेन्री गाडीतून उतरला आणि चालकाला प्रश्न विचारत राहिला. पुढे फोर्ड यांनी आपल्या आठवणींत त्या यंत्राचे जे वर्णन केले त्यात आम्हाला एक गोष्ट लक्षणीय वाटली. बाष्पकापेक्षा आणि धुराड्यापेक्षा त्यांच्या मनात राहिली ती इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत गेलेली साखळी. ताकद तयार करणे एक आणि ती चाकापर्यंत नेणे दुसरे, हे त्या मुलाला तेव्हाच दिसले असावे.

सोळाव्या वर्षी, १८७९ साली, ते शेत सोडून डेट्रॉइटला गेले. दिवसा यंत्रशाळेत उमेदवारी आणि पगार पुरेना म्हणून रात्री एका सराफाकडे अर्ध्या डॉलरवर घड्याळदुरुस्ती. पुढे काही वर्षे गावोगावी वाफेची शेतकी इंजिने दुरुस्त केली. १८८८ मध्ये क्लारा ब्रायंट यांच्याशी विवाह झाला. वडिलांनी जमीन देऊ केली होती, पण १८९१ साली दोघे शहरात आले आणि हेन्री एडिसन यांच्या नावाच्या वीज कंपनीत अभियंता म्हणून लागले. (आपल्या गावात सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढले ते १८९० साली. हातांना शास्त्र शिकवावे ही कल्पना त्या काळी जगात अनेक ठिकाणी एकदमच रुजत होती.)

नोकरी विजेच्या कंपनीत, पण डोक्यात पेट्रोलचे इंजिन. घरामागच्या विटांच्या शेडमध्ये रात्री काम करून त्यांनी सायकलच्या चार चाकांवर चालणारी एक गाडी बांधली. ४ जून १८९६ च्या पहाटे ती तयार झाली आणि लक्षात आले की शेडच्या दारातून ती बाहेर निघत नाही. फोर्ड यांनी कुऱ्हाड घेऊन विटा फोडल्या आणि गाडी रस्त्यावर आणली. तिला मागे जाता येत नव्हते आणि ब्रेकही नव्हता. एक मित्र सायकलवर पुढे जाऊन लोकांना बाजूला करत होता. आमच्या मुलांना हा प्रसंग फार आवडला, विशेषतः आधी माप न घेतल्याचा भाग.

पुढची सात वर्षे अपयशाची. १८९९ ची पहिली कंपनी बुडाली. दुसरीतून १९०२ मध्ये स्वतः फोर्ड बाहेर पडले. ती पुढे कॅडिलॅक झाली. मधल्या काळात त्यांनी शर्यतीच्या गाड्या बांधल्या आणि १० ऑक्टोबर १९०१ रोजी अलेक्झांडर विंटन या नामांकित मोटारवाल्याला हरवले. १६ जून १९०३ रोजी तिसरी कंपनी निघाली, रोख भांडवल अवघे २८ हजार डॉलर. हीच फोर्ड मोटर कंपनी. तेव्हा फोर्ड चाळिशीला आले होते.

ऑक्टोबर १९०८ मध्ये मॉडेल टी बाजारात आली. ती एकट्या फोर्ड यांनी आखली नाही. डेट्रॉइटच्या पिकेट कारखान्यात तिसऱ्या मजल्यावर एक खोली बंद करून घेतली होती. तिथे चाइल्ड हॅरल्ड विल्स, हंगेरीहून आलेले योझेफ गालांब आणि आणखी काही जण काम करत आणि फोर्ड बसून फळ्यावरच्या आकृत्या पाहत. गाडी हलकी हवी, मजबूत हवी आणि खेड्यातल्या शेतकऱ्याला स्वतः दुरुस्त करता आली पाहिजे, हा आग्रह फोर्ड यांचा. मजबुतीसाठी व्हॅनेडियम मिसळलेले पोलाद वापरले. अमेरिकेतले रस्ते तेव्हा आपल्या पावसाळी बैलवाटांहून बरे नव्हते.

आता आमचा ॲक्सल. बैलगाडीचा आस स्थिर असतो आणि चाके त्याच्यावर मोकळी फिरतात, म्हणून वळणावर अडचण येत नाही. मोटारीत इंजिनाला चाके फिरवायची असतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर काटावे लागते. आपले लेझीम पथक मैदानाच्या कोपऱ्यावर वळते तेव्हा आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि कडेचा पळतो, तसेच हे. दोन्ही चाके एकाच अखंड दांड्यावर घट्ट बसवली तर एक चाक फरफटत जाईल. म्हणून दांड्याचे दोन तुकडे करतात आणि मध्ये डिफरन्शियल बसवतात. मॉडेल टीमध्ये तीन हातांच्या एका तुकड्यावर तीन लहान चक्रे असतात आणि दोन्ही अर्ध्या दांड्यांच्या टोकांची चक्रे त्यांच्यात गुंततात. ही युक्ती फोर्ड यांची नव्हे. ती मोटारीत बसवण्याचे श्रेय ओनेसिफोर पेक्यूर या फ्रेंच गृहस्थांना देतात. त्यांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाफेच्या गाडीसाठी योजली होती. गंमत म्हणजे तेही घड्याळजीच होते.

४० ला ११ ने भागले तर ३.६४ येतात. म्हणजे मधला दांडा साडेतीन वेळांहून थोडा जास्त फिरला की चाक एकदा फिरते. वेग कमी आणि जोर जास्त.

त्या गुंडाळलेल्या रुळांची गोष्टही सांगायला हवी. ते हयात कंपनीचे बेअरिंग. वेडीवाकडी दांडी असली तरी रूळ थोडा लवतो आणि सांभाळून घेतो. ही कंपनी चालवणारे तरुण अभियंते म्हणजे आल्फ्रेड स्लोन आणि त्यांचे मोठे गिऱ्हाईक होते हेन्री फोर्ड. १९१६ साली स्लोन यांनी कंपनी विकली आणि १९२३ मध्ये ते जनरल मोटर्सचे अध्यक्ष झाले. फोर्ड यांना पुढे ज्यांनी मागे टाकले ते हेच. आमच्या ॲक्सलमध्ये दोघांचे हात एकत्र आहेत.

साल ठरवायला मुलांनीच खटपट केली. मॉडेल टी एकोणीस वर्षे निघाली आणि बाहेरून सारखी दिसली, तरी मागचा ॲक्सल बदलत गेला. अगदी सुरुवातीच्या गाड्यांत दांड्याचे टोक सरळ होते, नंतर ते निमुळते झाले. सुरुवातीला मधला फुगवटा पत्र्याच्या दाबकामाचा होता, पुढे बिडाचा ओतीव आला. १९१५ पासून ओतीव फुगवटा आणि सरळ नळ्या हे रूप कायम झाले. १९२६ मध्ये मागचे ब्रेक-ड्रम ८ इंचांचे ११ इंच झाले. आमच्याकडे टोक निमुळते, फुगवटा ओतीव, नळ्या सरळ आणि ड्रम ८ इंची. म्हणजे १९१५ ते १९२५ या दरम्यानचा. याहून बारीक सांगण्याचा मोह आम्ही टाळला. शंभर वर्षांत कोणी कोणत्या गाडीचा भाग कोणत्या गाडीला लावला असेल, त्याचा नेम नाही.

आणखी एक खूण हिंदुस्थानातल्या जुन्या फोर्ड ओळखायला उपयोगी पडते. ब्रिटिश साम्राज्यातल्या बहुतेक देशांना फोर्ड गाड्या अमेरिकेतून नव्हे, कॅनडाच्या कारखान्यातून जात, उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या. कॅनडातल्या गाड्यांच्या सांगाड्याला चौकोनी खाचेचे स्क्रू असत. मुंबईत फोर्डची जुळणी १९२६ नंतर सुरू झाली. कोणा पालकांच्या घरी जुन्या मोटारीचे दार किंवा पाटी पडून असेल तर स्क्रूची खाच जरूर पाहावी.

मॉडेल टी आली तेव्हा तिची किंमत ८५० डॉलरच्या घरात होती. १९२५ मध्ये सर्वांत साधी गाडी २६० डॉलरला मिळू लागली. हे घडले हायलंड पार्कच्या कारखान्यात. १९१३ साली तिथे सरकती जुळणीची ओळ सुरू झाली. माणूस कामाकडे जाण्याऐवजी काम माणसाकडे येऊ लागले आणि एका गाडीचा सांगाडा जोडायला पूर्वी साडेबारा तास लागत, ते दीड तासावर आले. पण दिवसभर एकच नट पिळत राहणे माणसांना सोसेना. कामगार महिन्याभरात सोडून जात. जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड यांनी रोजची मजुरी नऊ तासांच्या २ डॉलर ३४ सेंटवरून आठ तासांच्या ५ डॉलरवर नेली. जगभर वाहवा झाली. मात्र त्यासाठी कामगाराच्या घरी तपासनीस जात, तो दारू पितो का, घर नीट ठेवतो का हे पाहत. पूर्ण मजुरी त्या तपासणीवर अवलंबून असे. चांगल्या मजुरीबद्दल वाचताना हा दुसरा भागही वाचावा.

मॉडेल टीवर फोर्ड यांचे प्रेम इतके बसले की तेच पुढे आड आले. १९१२ साली ते युरोपहून परतले तेव्हा सहकाऱ्यांनी सुधारलेली नवी गाडी तयार करून ठेवली होती. फोर्ड यांनी तिच्याभोवती फेऱ्या मारल्या आणि मग हातांनी दारे उखडून गाडी मोडून टाकली, असे सांगतात. त्यानंतर सुधारणा सुचवायला कोण धजणार?

आमच्या ॲक्सलमध्ये या हट्टाचा एक पुरावा निघाला. क्राउन जागेवर धरून ठेवणारे दोन वॉशर होते बॅबिटचे. बॅबिट हा मऊ मिश्रधातू. नवा असताना उत्तम सरकतो, पण वर्षानुवर्षांच्या माराने त्याचे तुकडे पडतात. ते तुटले की क्राउन बाजूला सरकतो आणि पिनियनचे दात त्याच्यातून सुटतात. मॉडेल टीचा पायाचा ब्रेक चाकांवर नसून पुढे गिअरच्या डब्यात असतो, त्यामुळे दात सुटले की इंजिनाची ताकदही गेली आणि पायाचा ब्रेकही गेला. उरतो फक्त हाताचा ब्रेक, मागच्या दोन लहान ड्रमवरचा. घाटात हे झाले तर काय, ते वेगळे सांगायला नको. म्हणून आज जगभर ज्यांच्याकडे ही गाडी आहे ते पहिल्यांदा हे वॉशर काढून ब्राँझचे बसवतात. गाडी मात्र शेवटच्या वर्षापर्यंत बॅबिटच घेऊन निघत राहिली. आमच्या एका वॉशरचे तीन तुकडे मुलांनी तेलाच्या गाळातून वेचून काढले. वापरात असती तर ती गाडी एखाद्या उतारावर संपली असती.

२६ मे १९२७ रोजी दीड कोटीवी मॉडेल टी बाहेर पडली आणि ती गाडी थांबली. शेव्हर्लेने बाजार घेतला होता. कारखाने महिनोन्‌महिने बंद राहिले, हजारो माणसे बसून राहिली. डिसेंबर १९२७ मध्ये मॉडेल ए आली, चारही चाकांना ब्रेक असलेली. तिच्या क्राउनचे दात वळणदार आहेत, नेहमीच्या जोडीत ३४ आणि पिनियनचे ९, आणि गाडीचा भार दांड्यावर नसून बाहेरच्या नळीवर पडतो. मात्र दांडा मोडला तर चाक निखळू शकते. एवढ्याशा बदलासाठी एकोणीस वर्षे गेली.

फोर्ड यांच्या आयुष्याचा सर्वांत काळा भाग गाड्यांशी संबंधित नाही, पण तो गाळून चरित्र सांगणे आम्हाला पटत नाही. त्यांनी एक साप्ताहिक विकत घेतले होते आणि १९२० पासून त्यात ज्यू लोकांविरुद्ध द्वेषाने भरलेले लेख सातत्याने छापले. त्यांची पुस्तके झाली, भाषांतरे झाली, जर्मनीत ती आवडीने वाचली गेली. १९२७ मध्ये बदनामीच्या खटल्यानंतर फोर्ड यांनी जाहीर माफी मागितली. तरी १९३८ साली, पंचाहत्तराव्या वाढदिवशी, त्यांनी हिटलरच्या सरकारचे पदक स्वीकारले. युद्धाला विरोध म्हणून १९१५ मध्ये स्वखर्चाने शांततेचे जहाज युरोपला नेणारा हाच माणूस. या दोन गोष्टी एकाच आयुष्यात कशा बसल्या, हे आम्हाला अजून नीट उलगडलेले नाही.

कामगार संघटनांनाही त्यांचा कडवा विरोध. २६ मे १९३७ रोजी रूज कारखान्याच्या पुलावर संघटनेच्या पुढाऱ्यांना कंपनीच्या माणसांनी बेदम मारले आणि छायाचित्रे देशभर छापली गेली. १९४१ मध्ये अखेर करार झाला. एकुलता एक मुलगा एडसेल १९१९ पासून नावाला अध्यक्ष होता. नव्या कल्पना त्याच्या, नकार वडिलांचा. तेलाच्या दाबाचे ब्रेक बसवा असा आग्रह धरणाऱ्यांपैकी तोही एक. ते फोर्ड गाड्यांना मिळाले १९३९ च्या गाड्यांपासून. २६ मे १९४३ रोजी एडसेल कर्करोगाने गेला, अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी. वाचकांच्या लक्षात आले असेल, २६ मे ही तारीख या चरित्रात तीनदा आली.

१९४१ साली फोर्ड यांनी महात्मा गांधींना आदर व्यक्त करणारे पत्र पाठवले. ते डिसेंबरात वर्ध्याला पोहोचले. उत्तरादाखल गांधीजींनी सही केलेला एक चरखा दिला आणि तो युद्धाच्या धामधुमीत समुद्रमार्गे १९४२ मध्ये अमेरिकेला गेला. यंत्रांनी जग भरून टाकणाऱ्या माणसाला वर्ध्याहून सूत काढायचे यंत्र! फोर्ड यांनी तो जपून ठेवला.

मुलगा गेल्यावर ऐंशीच्या घरातील फोर्ड पुन्हा अध्यक्ष झाले, पण स्मृती साथ देत नव्हती. १९४५ मध्ये नातवाकडे कारभार गेला. ७ एप्रिल १९४७ च्या रात्री, घराजवळच्या नदीला पूर येऊन वीज गेलेली असताना, मेणबत्ती आणि दिव्यांच्या उजेडात त्यांचे निधन झाले. कधीकाळी वीज कंपनीचा मुख्य अभियंता असलेल्या माणसाची ती रात्र अशी गेली.

आठव्या दिवशी विश्वस्त मंडळी कार्यशाळेत आली. मुलांनी खडूच्या खुणा तशाच ठेवल्या होत्या आणि तुटलेला वॉशर ताटलीत मांडला होता. एका सदस्यांनी दात स्वतः मोजले, दोनदा. भंगारवाल्याला निरोप गेला. नवे ब्राँझचे वॉशर सरांनी शाळेच्याच लेथवर काढले असून ॲक्सल आता लाकडी घोडीवर बसवला आहे. मधला दांडा धरून डावे टोक पुढे फिरवले की उजवे मागे फिरते. पाचवीची मुले शनिवारी ओळीत उभी राहून हे करून पाहतात. पालकांनाही शनिवारी साडेदहानंतर येता येईल. कपड्यांना ग्रीस लागू शकते.